पिनेच्या जागी रॉड

भाच्याचा फोन आला की मी ग्राइंडर बंद करून बाहेर माडाखाली जाऊन उभा राहतो. पाच मिनिटांत तो आटपत नाही, ठाऊक असतं. पुण्यात आयटीत आहे, लग्न व्हायचंय, आणि सुटीतला सगळा पैसा रोलरकोस्टरवर जातो. आत्तापर्यंत किती कोस्टरवर बसला त्याची यादी ठेवतो. कोस्टरवेड्यांत अशा प्रत्येक कोस्टरला ‘क्रेडिट’ म्हणतात. माझी बहीण दर गणपतीत मला ऐकवते, “तूच बिघडवलंस तेका.”

खरं आहे ते. पण मला कोणी बिघडवलं नाही, मी आपला आपणच बिघडलो. 1996 साली दहावीची परीक्षा देऊन लालबागला काकांकडे गेलो होतो. रातराणी एसटीनं, कारण कोकण रेल्वे तेव्हा आमच्यापर्यंत पोचायची होती. काकांनी एक रविवार काढून गोराईला एस्सेलवर्ल्ड दाखवायला नेलं. तिथल्या कोस्टरवर मी दोनदा बसलो आणि मग तासभर कुंपणापाशी उभा राहून गाडीची चाकं बघत बसलो. काकांना वाटलं पोरगा घाबरला. मला नवल वाटत होतं ते चाकांचं. एक चाक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक चक्क रुळाच्या खाली. खालच्या त्या चाकानं गाडी रूळ धरून ठेवते, म्हणून उंचवट्यावर ती सुटून वर उडत नाही. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसानं 1919 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. साखळीवरून वर चढताना जो टक-टक-टक आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्यांचा. लोक त्या आवाजानं घाबरतात. मी तो बंद पडला तर घाबरेन.

पुढे आयटीआय केलं, वेल्डिंगचं वर्कशॉप टाकलं. ग्रिल, गेट, शेड, ट्रॉलरवरची किरकोळ कामं. त्यामुळे कुठलाही पाळणा बघितला की माझी नजर आधी सांध्यावर जाते आणि मग उंचीवर.

भाच्याचं उलटं. सध्या त्याच्या डोक्यात सौदीतला फाल्कन्स फ्लाइट आहे. रियाधजवळच्या किद्दियात 2025 च्या 31 डिसेंबरला सुरू झाला. उंची 195 मीटर, वेग ताशी 250 किलोमीटर. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी वर पन्नास मीटर उरतात.

“मामा, याच्यापुढे आता कोण काय बनवणार?”

“समुद्र किती लांब आहे रे तिथून?”

“समुद्राचा काय संबंध? वाळवंट आहे ते.”

“मग टिकेल,” म्हटलं.

तो वैतागला. त्याच्या मित्रांत दुसराही वाद चालू आहे. वंडरलाच्या चेन्नईच्या पार्कात तंडोरा आला. त्यात रूळ डोक्यावर आणि पाय खाली मोकळे लोंबत. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकात 2013 पासून नायट्रो आहे, तोही त्याच स्विस कंपनीचा, बॉलिगर अँड माबियारचा. त्यात पायाखाली फळी नाही, पाच वेळा उलटं करतो, ताशी 105 किलोमीटर. दोघांत भारी कोण? भाचा तंडोराच्या बाजूचा, त्याचा रूममेट नायट्रोवाला, आणि जेवणं थंड होईपर्यंत भांडतात. मी तंडोरावर बसलेलो नाही, म्हणून गप्प राहतो. पण या भांडणात गंज हा शब्द एकदाही येत नाही, ते मला खटकतं.

खारी हवा काय करते ते पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. देवबागला एका घराच्या गच्चीची रेलिंग मी केली होती, चौकोनी पाइपची. अगदी सुरुवातीचं काम. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. घरमालक दर गणपतीआधी रंग मारायचे, वरून रेलिंग नवरीसारखी. चौथ्या वर्षी त्यांनी बोलावलं, थोडी हलते म्हणाले. मी तळाशी अंगठा दाबला आणि तो आत गेला. अंगठा! रंगाचा पापुद्रा तेवढा शिल्लक होता, आतला पाइप भुगा झालेला. चूक माझीच. पाइपची तोंडं मी नीट वेल्डिंगनं बंद केली नव्हती. खारं पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाट नाही, आणि पाइप आतून खात गेला. पैसे न घेता दुसरी करून दिली. तेव्हापासून पाइप दिसला की खिशातलं नाणं वाजवून बघायची खोड लागली. चांगला पाइप टण्ण वाजतो. सडलेला वाजत नाही, नुसता खोकतो.

अमेरिकेत ओहायोच्या जत्रेत, म्हणजे त्यांच्या स्टेट फेअरमध्ये, 26 जुलै 2017 ला फायरबॉल नावाचा झुलता पाळणा चालू असताना तुटला. एक आख्खी सीटांची ओळ सुटून उडाली. अठरा वर्षांचा मुलगा गेला, सातजण जखमी. बनवणाऱ्या डच कंपनीनं नंतर सांगितलं की आधाराच्या बीमला आतून गंज लागून त्याची जाडी वर्षानुवर्षं कमी होत गेली होती. तपासणी त्याच दिवशी झाली होती, आणि पास झाली होती. हे वाचलं तेव्हा मला माझा तो अंगठा आठवला. आपल्याकडे 2019 च्या जुलैत अहमदाबादला कांकरियात असाच झुलणारा पाळणा मोडून दोघे गेले. असं काही झालं की चार दिवस सगळे पाळण्यांबद्दल बोलतात, मग आंबा सुरू होतो.

आता जत्रेचं सांगतो. नाव गावाचं घेत नाही, पाळणेवाल्याचंही नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. देवीचं दर्शन झालं, खाजं घेतलं (आल्याचं, गुळाचं, अजून गरम होतं), हिनं बांगड्या बघून घेतल्या, आणि मुलगी मला ओढत आकाशपाळण्याकडे घेऊन गेली. तिकिटासाठी रांग. मी सवयीनं वर बघत होतो. पाळण्याचा प्रत्येक डबा दोन बाजूंना जाड शाफ्टवर लटकलेला असतो. शाफ्टच्या टोकाला वॉशर, आणि वॉशर बाहेर येऊ नये म्हणून आरपार एक स्प्लिट पिन. दहा-पंधरा रुपयांची वस्तू. तिला एका बाजूला डोकं असतं आणि दुसऱ्या बाजूला दोन पाय, ते फाकवले की ती बाहेर येत नाही.

एक डबा खाली आला, माणसं उतरायला थांबला, आणि माझ्या नाकासमोर ते टोक. पिनेच्या जागी वेल्डिंगचा रॉड. दहा नंबरचा. मी दिवसाला पाकीटभर जाळतो, मला लांबूनही ओळखू आला असता. वरचं पांढरं कोटिंग ठोकून काढलेलं, आतली तार भोकातून घातलेली आणि दोन्ही टोकं पक्कडीनं वाकवलेली. तारेवर तांबूस गंज चढलेला. भोक मोठं, तार बारीक, त्यामुळे डबा हलला की ती भोकात फिरत होती. माझ्यासमोर फिरली ती.

“बाबा, चला ना.”

“थांब जरा.”

“तुमका जत्रेत येवन पन वर्कशॉपच दिसता काय?” ही म्हणाली.

मी चालवणाऱ्या पोराला दाखवलं. सतरा-अठराचा असेल, एक पाय क्लचवर, कानात गाणी. त्यानं मालकाकडे बोट केलं. मालक घाटावरचा, खुर्चीत बसून सुट्टे मोजत होता. मी सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, “सायेब, वीस वरसं झाली धंद्यात. एक डबा पडला न्हाई.” परवानगीचे कागद दाखवले. प्लास्टिकच्या पिशवीत व्यवस्थित घडी करून ठेवलेले, सही-शिक्क्यांसकट. कागदात खोट नव्हती. त्यावर पिनांचा उल्लेख असायचं कारणही नव्हतं.

माझा संताप झाला, पण त्या माणसाचा चेहरा बघून तो फार टिकला नाही. चार दिवसांची जत्रा, जागेचं भाडं, डिझेल, आठ माणसांचा स्वयंपाक. मागच्या गावात पिना पडल्या असतील, दुकान बंद असेल, पोराने हाताशी होतं ते घातलं असेल. माझ्या वर्कशॉपात असले जुगाड मी रोज करतो. फरक इतकाच की माझ्या गेटवर कोणाची पोरं चाळीस फूट वर जात नाहीत.

मुलीला घेऊन मी बाजूला झालो. तिनं भोकाड पसरलं. आमच्या देखत तो डबा भरला, एक आजी आणि दोन नाती, आणि वर गेला. मला तिथे उभं राहवेना आणि निघवेनाही. शेवटी हिला आणि मुलीला दशावताराच्या मांडवात बसवलं, स्कूटर काढली, अकरा किलोमीटरवरच्या वर्कशॉपातून पिनांचा डबा, पक्कड आणि ग्रीस घेऊन परत आलो. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मालकानं मला बघून कपाळाला हात लावला, पण पाळणा थांबवला. सोळा डबे, बत्तीस टोकं. पोरगा एकेक डबा खाली आणत होता, मी बघत होतो. रॉड तीन ठिकाणी निघाला. चौथ्या ठिकाणी काहीच नव्हतं.

काहीच नव्हतं, आणि ते संध्याकाळपासून फिरत होतं.

पंचेचाळीस मिनिटं गेली. रांगेतल्या लोकांनी शिव्या घातल्या त्या मालकाला नाही, मला. “कोण रे हा, इंजिनियर?” पैसे मी घेतले नाहीत. त्यानं चहा पाजला, आणि मुलीला हवं तितक्या वेळा फुकट बस म्हणाला. ती तोवर मांडवात आईच्या मांडीवर झोपली होती.

हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचं म्हणणं, म्हणूनच मोठी पार्कं बरी, तिथे सेन्सर असतात, कॉम्प्युटर असतो. बरोबर आहे. मोठ्या कोस्टरवर रुळाचे ब्लॉक पाडलेले असतात, अगदी आपल्या कोकण रेल्वेसारखे. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. पण इंग्लंडात ऑल्टन टॉवर्सला स्मायलर नावाचा कोस्टर आहे, चौदा वेळा उलटं करण्याचा जागतिक विक्रम असलेला. तिथे 2 जून 2015 ला रिकामी चाचणीची गाडी वाऱ्यामुळे मध्येच अडकली. यंत्रणेनं मागची गाडी बरोबर अडवली. इंजिनियरांना वाटलं यंत्रणाच चुकतेय, आणि त्यांनी तिला बाजूला सारून सोळा माणसांची गाडी सोडली. ती जाऊन धडकली. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला, कंपनीला पन्नास लाख पौंड दंड झाला. कॉम्प्युटर खरं बोलत होता. रांग मोठी होती आणि वर वाट बघणारी माणसं होती, माझ्या जत्रेतल्यासारखीच.

सिंगल लाइनवर क्रॉसिंगसाठी गाडी अर्धा तास उभी राहिली की डब्यात लोक रेल्वेचा उद्धार करतात. मीही करायचो. आता मुकाट्यानं भेळ खातो. पार्कात ‘राइड बंद आहे’ ही पाटी दिसली की भाच्याचं तोंड पडतं, तिकिटाचे पैसे वाया म्हणतो. मला त्या पाटीमागे कुणीतरी पाना घेऊन वाकलेला दिसतो.

आणि बघणारी माणसं नेहमी पगारीच असतात असंही नाही. 2023 च्या जून अखेरीस अमेरिकेत कॅरोविंड्समध्ये फ्युरी 325 च्या एका खांबाला आरपार भेग गेली होती. गाडी जवळून गेली की खांब सांध्यातून सुटून सरकत होता. ते दिसलं पार्कात आलेल्या एका माणसाला. त्यानं मोबाइलवर टिपलं, पार्कवाल्यांना दाखवलं, मग कोस्टर बंद झाला. खांब बदलून ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केला. तोही बॉलिगर अँड माबियारचाच, म्हणजे या धंद्यातल्या सगळ्यात चोख कंपनीचा. हा व्हिडिओ मी भाच्याला पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, “मामा, पण राइड काय स्मूथ आहे!” आता याला काय म्हणावं?

तरी यायचंय मला त्याच्याबरोबर. मे महिन्यात नायट्रोवर बसायचं ठरलंय, चौथ्यांदा. आमचा एकच वाद उरलाय. त्याला पहिली रांग हवी, समोर काही नसतं म्हणून, आणि त्यासाठी तो तासभर वेगळ्या रांगेत उभा राहायला तयार आहे. मला शेवटची. पुढचे डबे उतारावर लागले की ते मागच्याला खेचतात, त्यामुळे माथ्यावरून शेवटची रांग सगळ्यात जोरात ओढली जाते आणि बूड सीटवरून उठतं. शिवाय चढताना पुढची सगळी चाकं दिसतात.

हिला सांगितलंय, खोपोलीला पाइपचा भाव बघायला चाललोय. ती हे वाचत नाही.