आमची वाटचाल : वाइंडिंगच्या दुकानापासून तळघरातल्या पंपापर्यंत

वडिलांनी बेळगावच्या शहापुरात मोटर वाइंडिंगचं दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाईक बहुतेक ऊसवाले. चिकोडी, हुक्केरी, गोकाककडून जळालेल्या मोटरी टेम्पोत घालून यायच्या. रानात पाणी थांबलेलं, त्यामुळे मोटर भरून होईपर्यंत माणूस दुकानातच बसून राहायचा. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमुळे पंपातलं पाणी फेकणारं चक्र म्हणजे इम्पेलर असो वा बॉडी, हवं ते ओतून, टर्निंग करून मिळायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना बेळगावातून कुंडलच्या माळावर नेला, पण लोखंड जाणणारे हात या गावात पुढंही कमी पडले नाहीत.

मी कामाला लागलो तोवर शहरात जुनी घरं पाडून अपार्टमेंटं उठायला लागली होती. रस्ता वर, प्लॉट खाली. तळघरात पार्किंग, वॉचमनची खोली, आणि खोली आली की संडास-बाथरूम आलंच. रस्त्यातली ड्रेनेज लाइन तळघराच्या फरशीपेक्षा वर असेल तर बांधतानाच अडतं. पण ती थोडीशीच खाली असली की लोक सरळ चेंबरला जोडून मोकळे होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पावसानं जिल्ह्याला झोडपलं, चेंबर तुंबले, आणि घाण पाणी उलटं फिरून कमोडमधून वर आलं. त्या दिवसांत आमचा फोन ठेवायला उसंत नव्हती. धंदा तळघरातल्या मैलापाण्याच्या पंपाकडं वळला तो तिथून.

गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "मामा, एक एचपीचा पंप द्या." मी आजही विचारतो, "खड्डा कुठंय? पाइप किती उंच न्यायचाय?" कारण खड्डा न बघता पंप विकणं मला पटत नाही.

काम तसं सरळ आहे. तळघरातल्या संडास-न्हाणीचं पाणी उतारानं एका बंद टाकीत येतं. पातळी चढली की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, उचलला जातो, पंप सुरू होतो आणि मैलापाणी वरच्या लाइनला ढकलतो; पातळी उतरली की बंद. पावसाळ्यात भिंतीतून पाझरणारं पाणी काढणारा पंप वेगळा. त्याचं पाणी पावसाच्या गटारात सोडायचं, ड्रेनेजला नाही. बोअरचा पंप तर इथं बिलकूल नको : तो पाणी उंच नेतो, पण त्याच्या अरुंद वाटेतून मैला जात नाही.

पाइपच्या बाबतीत मोठा तो चांगला, असं लोकांना वाटतं. उभ्या पाइपात मैला वर जायचा तर पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो. दोन इंची पाइपात तो मिनिटाला ७० लिटरला मिळतो, चार इंचीत त्याच्या चौपट पाणी लागतं. लहान पंपाला चार इंची पाइप जोडला की घाण वर न जाता तळाशी बसते आणि पाइप चोंदतो. पंपाच्या वर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप थांबला की पाइपातलं सगळं पाणी परत टाकीत येतं आणि पंप सारखा चालू-बंद होत राहतो.

वडगावात एका काकूंच्या घरी खालची खोली वासापायी रिकामी पडली होती. पंप नवा, चांगला चालणारा. टाकीवर मात्र शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलेला आणि टाकीतला वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप खिडकीखालीच सोडलेला. आम्ही पंपाला हातही लावला नाही. रबर गॅस्केट घालून बोल्टचं झाकण बसवलं, पाइपभोवतीची फट सील केली, व्हेंट गच्चीच्या वर नेला. "एवढंच होतं होय?" काकू म्हणाल्या. एवढंच होतं, पण तेवढ्यासाठी त्यांचं भाडं बुडत होतं.

एक नियम आम्ही पहिल्यापासून पाळला : टाकीत माणूस उतरवायचा नाही. आत हायड्रोजन सल्फाइड साठतो, तो आधी नाक बधिर करतो आणि मग माणूस घेतो. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदाही सुरक्षेच्या साधनांशिवाय अशी सफाई करून घ्यायला मनाई करतो, पण आम्हाला कायद्याची गरज पडू नये. म्हणून आमचा प्रत्येक पंप गाइड रेलवर, म्हणजे टाकीतल्या उभ्या दांड्यांवर, बसतो आणि साखळीनं वर येतो. "पोरगं उतरवा की, दहा मिनिटांचं काम," असं म्हणणाऱ्यांची कामं आम्ही सोडली, पुढेही सोडू.

आता मे महिन्यात, पावसाळा सुरू व्हायच्या आत, आमची पोरं जुन्या गिऱ्हाइकांकडं फिरतात. फ्लोट वायरीत अडकलाय का बघतात, बादल्या ओतून पंप चालवतात, लाइट गेल्यावर वाजणारा अलार्म तपासतात, सॅनिटरी पॅड आणि ओले वाइप्स कमोडमध्ये टाकू नका म्हणून घरच्यांना मराठीत, कन्नडमध्ये, लागेल त्या भाषेत सांगतात. नवीन घर बांधत असाल तर तळघराचं काँक्रीट पडायच्या आधी बोलवा. टाकीची जागा आणि व्हेंटची वाट तेव्हाच ठरली तर पुढं फरशी फोडावी लागत नाही. बघायला यायचे पैसे आम्ही घेत नाही.