"माल काय आहे, मॅडम?"

रविवारी सकाळी सात वाजता मी मार्केटयार्डाजवळच्या वजनकाट्यावर आमची मारुती जिम्नी घेऊन रांगेत उभी होते. पुढे कांद्याचा टेम्पो, मागे कोथिंबिरीची पिकअप. खिडकीतल्या पोराने पावतीपुस्तक उघडत विचारलं, "माल काय आहे, मॅडम?" गाडीत नवरा, मुलगा, सासूबाई आणि आठ दिवसांचं सामान. मी म्हटलं, "हाच."

झालं असं, की गाडी रिकामी असली की छान चालते. चौघं बसून सामान भरलं, की ताम्हिणी घाटातल्या प्रत्येक मोठ्या खड्ड्यात मागून धाड् असा आवाज यायचा. सासूबाईंनी दोन वर्षं सहन केलं आणि गेल्या दिवाळीत विचारलं, "अगं, ही गाडी आहे की एसटीची मागची सीट?" म्हणून सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉक ॲब्जॉर्बर, बदलायचं ठरलं.

ज्या दुकानात आधी गेलो तिथे उत्तर तयारच होतं. दोन इंच लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी उंच करायची, मागेपुढे हेवी ड्यूटी स्प्रिंगा, २३५/७५ चे एमटी, म्हणजे चिखलासाठीचे, टायर. सगळी चर्चा नवऱ्याशी, ज्याला बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे हेही माहीत नाही. माझ्या वाट्याला एकच प्रश्न आला, शॉक लाल हवेत की पिवळे. मी पंचवीस वर्षं कॉस्टिंग करते. विचारलं, ही स्प्रिंग किती किलोच्या हिशेबाने बनवली आहे? "हेवी ड्यूटी आहे, मॅडम." हे विशेषण झालं, उत्तर नव्हे. चहा पिऊन निघालो.

मग भोसरीतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिक काकांकडे. त्यांनी गाडी वर घेतली आणि मागच्या चाकाच्या आत टॉर्च मारला. ॲक्सलच्या वर रबराचा एक ठोकळा असतो, बम्प स्टॉप. स्प्रिंग पूर्ण दबली की ॲक्सल त्यावर जाऊन आपटतो. आमच्या ठोकळ्याचं टोक आपटून आपटून बुटाच्या टाचेसारखं चकचकीत झालं होतं. पुढच्या ठोकळ्यावर दोन वर्षांची धूळ जशीच्या तशी. काकांनी त्या धुळीत बोटाने रेघ ओढून दाखवली. "ताई, पुढे काही झालेलंच नाही. आधी काटा करून या."

म्हणून काटा. एकदा रिकामी, एकदा भरलेली. दोन्ही वेळा आधी फक्त पुढची चाकं प्लेटवर, मग पूर्ण गाडी. काटा दहाच्या पटीत दाखवतो, पण तेवढं पुरतं. रिकामी गाडी पुढे ६४०, मागे ५७०. भरलेली गाडी पुढे ७२०, मागे ८८०. म्हणजे ३९० किलो वाढले, त्यातले पुढे फक्त ८०. दुकानदार ज्या पुढच्या हेवी ड्यूटी स्प्रिंगा गळ्यात मारत होता, त्या पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचा रहाट) आणि लोखंडी बुलबार लावणाऱ्यासाठी. आमच्या पुढे इंजिन आणि गणपतीची मूर्ती. त्या स्प्रिंगांवर मी रोज कर्वे रस्त्याने ऑफिसला गेले असते तर महिन्याभरात पाठीचा पट्टा लागला असता.

खरा धक्का बेरजेत होता. १६००. पाच दारांच्या जिम्नीचं आरसीवरचं कमाल वजन, जीव्हीडब्ल्यू, १५४५ किलो. आम्ही दोन वर्षं ओव्हरलोड फिरत होतो. आणि कितीही जाड स्प्रिंग घातली तरी हा आकडा वाढत नाही, हे कुठलाच दुकानदार आपणहून सांगत नाही. गाडी मागून बसायची थांबते, त्यामुळे डोळ्यांना बरं वाटतं. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग त्याच वजनासाठी बनवलेले राहतात.

घरी येऊन बाथरूमच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. माणसं २७९ किलो, कोणाचं किती ते लिहीत नाही, घरात राहायचं आहे. उरलेलं असं: टपावरचा कॅरिअर २४, बॅगा ३८, पाण्याचे कॅन २०, हत्यारं आणि कॉम्प्रेसर १४, शेगडी आणि छोटा सिलिंडर ८, सासूबाईंची पिशवी ७. कॅरिअर उतरवला. कोकणात दर पाच किलोमीटरवर पाणी मिळतं, तिथे २० लिटर कशाला? सासूबाईंच्या पिशवीला हात लावायची माझी हिंमत नाही. इकडून तिकडून ५५ किलो काढले आणि बरोबर १५४५ वर आलो. तेवढ्यात मुलाने जाहीर केलं की त्याची परीक्षा आहे, तो येणार नाही. आईला वाईट वाटलं. कॉस्ट अकाउंटंटला ७८ किलो दिसले.

शेवटी काय घातलं? पुढे कंपनीच्याच स्प्रिंगा. मागे एक पायरी कडक, गाडी रिकामी असताना तीनेक सेंटिमीटर उंच राहते आणि भरली की सपाट होते. चारही शॉक नवे. शॉकवर पैसे वाचवू नका असं मी सांगेन, कारण कडक स्प्रिंग दबल्यावर जास्त जोराने परत उसळते. ती उसळी धरायची ताकद शॉकमध्ये नसेल, तर खड्डा मागे पडला तरी गाडी नाचत राहते. काकांनी जुना शॉक काढून हातात दिला. दांडा आत दाबला तर सहज गेला, आणि सोडल्यावर आळस देत बाहेर आला. नव्याचा दांडा दाबायला मला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. जुन्याच्या अंगावर तेलात कालवलेल्या धुळीचा थर होता, म्हणजे सील कधीच गेलं होतं.

दोन इंच लिफ्ट का नको, तेही काकांनीच सांगितलं. जिम्नीला पुढेही अखंड ॲक्सल आहे. गाडी उचलली की हा ॲक्सल थोडा फिरतो, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल, कमी होतो आणि हायवेला स्टिअरिंग भरकटायला लागतं. शिवाय पॅनहार्ड रॉडमुळे, म्हणजे ॲक्सलला गाडीशी आडवं बांधणाऱ्या दांड्यामुळे, ॲक्सल एका बाजूला सरकतो. मग ऑफसेट बुश आणा, ॲडजस्टेबल रॉड आणा. एक दुखणं बरं करायला तीन औषधं, आणि आमचं दुखणं मुळात ते नव्हतंच.

टायरचं तसंच. मूळ १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिलिमीटर. आम्ही घेतला २१५/७५ आर १५, व्यास साधारण ७०३. म्हणजे गाडी जमिनीपासून पाचच मिलिमीटर वर गेली आणि स्पीडोमीटर दीड टक्का मागे पडला. २३५/७५ चा व्यास ७३३ होतो. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी जवळपास १०६ ने पळणार, गिअर जड पडणार आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो ते बघत बसायचं. एमटीला मी सरळ नाही म्हटलं. चिखलात तो राजा, पण आमचा चिखल वर्षातून दोन दिवस आणि घाटातलं ओलं डांबर चार महिने. मोठ्या ठोकळ्यांचा टायर ओल्या डांबरावर कमी पकडतो आणि हायवेला विमानासारखा घोंघावतो. एटी, म्हणजे सगळ्या प्रकारच्या रस्त्यांचा टायर, घेतला. आपल्या सह्याद्रीतल्या फुटक्या काळ्या दगडाची धार टायरच्या कुशीला लागते, म्हणून साइडवॉल जाड बघितली. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळचा ९६, म्हणजे दर टायरला ७१० किलो. नवा १००, म्हणजे ८००. मूळच्या आकड्याखाली कधीच जाऊ नये.

टायर पाच घ्यायचे, चार नव्हे. दुकानात पाचवा तपासला तर त्यावर ४१२२ छापलेलं. २०२२ सालचा एकेचाळिसावा आठवडा. बाकी चार २०२५ चे. "स्टेपनीला काय फरक पडतो, मॅडम?" स्टेपनी लागते ती रात्री, पावसात, घाटात, भाऊ. बदलून घेतला. फिटिंगच्या आधी एक एटी आणि एक जुना टायर, दोन्ही त्यांच्याच काट्यावर ठेवले. तीन किलोंचा फरक. पाच टायरांचे पंधरा. म्हणजे हिशेबात परत पंधरा किलो, आणि हे पंधरा उतरवताही येत नाहीत.

बदलांचं पत्र विमा कंपनीला पाठवलं. नवऱ्याला ते फाजील वाटलं. क्लेमच्या वेळी वाटणार नाही.

जुलैत दिवेआगरला गेलो. पौड सोडलं, मुळशीच्या धरणाला वळसा घालून ताम्हिणीत शिरलो तेव्हा पाऊस असा, की वायपर फक्त हजेरी लावत होते. निव्यानंतरच्या खराब पट्ट्यात मी आवाजाची वाट बघत होते. मऊ असा दबका हिसका आला, गाडी एकदा खाली-वर झाली आणि थांबली. मागून काहीच प्रतिक्रिया नाही. आरशात बघितलं तर सासूबाई तोंड उघडं टाकून झोपलेल्या. एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला ऑफिसातही कधी मिळालेलं नाही. एटीचा आवाज मात्र येतो, साठच्या पुढे गुणगुण चालू असते. रेडिओ दोन घरं वर.

दिवेआगरच्या पुळणीवर गाडी घातली नाही. फोर बाय फोर आहे म्हणून समुद्रात उतरणाऱ्यांना भरतीच्या आत बाहेर ओढताना गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला मी पाहिलेलं आहे.

येताना सासूबाईंनी ओळखीच्या वाडीतून सुपारी, वीस नारळ, कोकमं, आगळाच्या चार बाटल्या आणि उकड्या तांदळाची एक गोणी घेतली. मुलगा नाही म्हणजे मागची अर्धी सीट रिकामी, असा त्यांचा हिशेब. मी गोणी उचलून अंदाज घेतला, तीस तरी. माणगावात रस्त्याकडेला वजनकाट्याची पाटी दिसली. मी बोट दाखवलं. नवऱ्याने गिअर बदलला आणि सरळ पुढे गेला.