आधी वही, मग मागणी

आजचा अख्खा दिवस तरुण कामगारांच्या पगाराचे हिशेब मांडण्यात गेला. पैसे बुडतात ते बहुतेकदा न मोजलेल्या वेळेत. रोज १५ मिनिटं आधी बोलावणं, आवराआवरीसाठी २० मिनिटं जास्त थांबवणं. २६ दिवसांत होतात १५ तास १० मिनिटं, म्हणजे जवळजवळ दोन दिवस फुकट काम! शिवाय बिनपगारी 'ट्रेनिंग', गणवेशाची कपात, गल्ल्यातली तूट पगारातून वळती. आणि घरचे म्हणतात, "अनुभव मिळतोय ना?" या वाक्याने फार नुकसान होतं.

म्हणून आधी वही. आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, मधली सुट्टी किती मिनिटं, हातात पैसे किती आले. लिहायचं त्याच दिवशी. महिनाअखेरीस आठवून लिहिलेलं वादात टिकत नाही. ड्युटीच्या तक्त्याचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवावेत. कामाच्या ॲपवर विसंबू नये, नोकरी गेली की लॉगिन बंद होतं आणि पुरावा तिथेच अडकतो. कपातीचं कारण तर लेखीच मागायचं.

आपण शेजारीपाजारी काय करू शकतो? एकट्या पोराला मालकासमोर पाठवू नका. तिघं-चौघं मिळून जा, मागणी लेखी द्या, त्यात उत्तराची तारीख घाला, पोच घ्या. पहिला फटका बहुधा पाळ्या कमी होण्याचा असतो, तेव्हा महिनाभराच्या भाड्या-किराण्यापुरती वर्गणी आधीच जमवून ठेवा. बहिष्काराची हाक मात्र कामगारांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. गिऱ्हाईक तुटलं की सर्वांत आधी त्यांचेच तास कापले जातात.