पार्वतीची व्हीसीडी आणि पणजीचा पाऊस

आजचा रविवार 'अशी ही बनवाबनवी'च्या जुन्या व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) पुसण्यात गेला. बाहेर पणजीत पाऊस धो धो, आत डिस्कवर बुरशी.

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. कापड गोल फिरवू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल चरा वाचनाच्या रेषेतच पडतो, आडवा चरा प्लेअर बहुतेक निभावून नेतो. आणि छापील बाजू जास्त जपा! सीडीचा चकाकता थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथं खरवडलं की संपलं. डीव्हीडीत तो मधोमध, म्हणून ती जरा दणकट. ओली डिस्क कव्हरात घातलीत तर आपल्या हवेत बुरशी परत हजर.

व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं (पिक्सेल), मोठ्या टीव्हीवर ठोकळे दिसणारच. निदान चित्राची रुंदी-उंची 4:3 ठेवा, ताणलंत तर लक्ष्याची पार्वती आणखी रुंद होते.

तरी 1988चा हा सिनेमा ठोकळ्यांतही हसवतो. गंमत कानात आहे ना! वसंत सबनीसांचे संवाद, अशोक सराफांचं टायमिंग. 'धनंजय माने इथेच राहतात का?' ऐकायला एचडी कशाला?

दुसरी डिस्क मात्र उद्या. अजून वाळतेय.