तुम्ही विचारलंत म्हणून : मुंबईच्या ऑर्केस्ट्रात मुंबईकर कुठे आहेत?

मैफिलीचं मध्यंतर झालं की हा प्रश्न येतोच. नाव ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’, पत्ता नरिमन पॉइंटचा, आणि मंचावर बघावं तर बरेचसे वादक कझाकस्तानचे, रशियाचे, युरोपातले. मग हा आपला कसा? विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा चोरी पकडल्याचा आनंद असतो.

चोरी कसली? 2006 साली एनसीपीएच्या, म्हणजे नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या, खुश्रू सनटूक यांनी मरात बिसेनगालिएव्ह या कझाक व्हायोलिनवादकाला हाताशी धरून हा ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हाच ते उघड होतं. बिसेनगालिएव्ह यांनी त्याआधी 2003 मध्ये वेस्ट कझाकस्तान फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा बांधला होता, तिथली माणसं इकडे आली. वर्षाचे दोन हंगाम, फेब्रुवारी आणि सप्टेंबर. कायम मुंबईत राहणारे वादक चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे छोटा ताफा, होईल एवढेच, बाकीचे हंगामापुरते. लपवलेलं काही नाही. खटकतं ते जाहिरातीतलं ‘देशातला पहिला’. त्याच्यापुढे ‘व्यावसायिक’ हा शब्द असतो म्हणून ते खोटं ठरत नाही, पण 1935 साली मेहली मेहतांनी याच शहरात बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला होता, हे त्या एका शब्दामागे झाकलं जातं.

आता इथले वादक किती पुरतील त्याचा हिशेब. ब्राह्म्स या जर्मन संगीतकाराची दुसरी सिम्फनी घ्या, फार अवाढव्य नाही. चौदा पहिली व्हायोलिन, बारा दुसरी, दहा व्हायोला, आठ चेलो, सहा डबल बेस : पन्नास. दोन फ्लूट, दोन ओबो (सनईच्या जातीचं वाद्य), दोन क्लॅरिनेट, दोन बसून (ओबोच्याच जातीचं, खर्जातलं), चार हॉर्न (वेटोळ्याचं पितळी वाद्य), दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा आणि टिम्पनी या नगाऱ्यांवर एक : एकोणीस. झाले 69. यातली सव्वीस व्हायोलिन मुंबईत ओढूनताणून जमतील. व्हायोला म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या स्वराचं वाद्य. दहा व्हायोला म्हणजे बहुधा हातात व्हायोला दिलेले व्हायोलिनवाले, आणि व्हायोलाची वेगळी क्लेफ, म्हणजे स्वर कुठल्या रेघेवर ते ठरवणारी खूण, वाचताना ते अडखळणार. पण दोन ओबो, दोन बसून आणि चार हॉर्न म्हटलं की यादी थांबते. तिथे ‘साधारण वाजवतो’ असा माणूस चालत नाही. चौदा व्हायोलिनांत एक बेसूर झाला तर झाकला जातो, दुसरा हॉर्न बेसूर झाला तर शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं.

ओबोबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण अख्खा ऑर्केस्ट्रा ज्या स्वराला लावतात तो तोच देतो. त्याची रीड, म्हणजे ओठांत धरून फुंकायची पत्ती, बोरूसारख्या पोकळ गवताची दोन पाती असते, धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधलेली. मुरलेला वादक ती स्वतः तासतो, टोकाला केसाच्या जाडीपर्यंत. ती थोडेच तास चांगली वाजते, मग दुसरी. पावसाळ्यात ती फुगते आणि तिचं तोंड उघडतं. वातानुकूलित सभागृहात ती सुकते आणि मिटते. घरी तासलेली रीड मंचावर दगा देते ती अशी. शिवाय गार पडलेल्या लाकडात गरम, ओला श्वास एकदम भरला तर वाद्यच तडकू शकतं. तंतुवाद्यांची दुखणी निराळी : दमट हवेत खुंट्या घट्ट बसतात, कोरड्या हवेत सटकतात, गजाचे केस लांबतात, सरसाने चिकटवलेले सांधे उकलतात. बाहेरून आल्यावर पेटी लगेच उघडायची नाही, आधी ती बंदच खोलीत मुरू द्यायची, एवढं तरी पाळावं लागतं.

पूर्वी मी या प्रश्नाला हेच उत्तर देऊन मोकळा होत असे : मुंबईची हवा. उत्तर ऐटबाज आहे, आणि खोटं आहे. सिंगापूरची हवा काय कोरडी आहे? तिथला ऑर्केस्ट्रा 1979 पासून चालू आहे. तिथे वादकाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, आणि रीड तासायला वेळही त्यातूनच मिळतो.

म्हणजे प्रश्न पोटाचा. ते कळायला 1958 साल पुरेसं आहे, आणि तुमचा प्रश्न ऐकला की माझ्या मनात तेच येतं.

त्याच्या तीन वर्षं आधी मेहली मेहता मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले होते. मुलगा झुबिन, पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑर्केस्ट्रा संचालक, 1954 पासूनच व्हिएन्नात. मुंबईत उरले ते गोव्याहून आलेले वादक. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकलेले, नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचणारे, आणि सिनेमाच्या स्टुडिओंत शिफ्टवर पोट भरणारे. त्यांच्यातला एक मजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. 1958 मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, शंभरावर वादकांचा. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. संगीत त्यांचं स्वतःचं, रागांवर बांधलेलं. सारंग रागातला कॉन्चर्टो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्रासाठी केलेली रचना, ही त्यांच्या रचनांपैकी एक.

हे किती अवघड, ते सारंगावरूनच बघा. पाश्चात्त्य संगीतात सा-ग-प ही तिकडी म्हणजे घर, सगळं तिथे परत येतं. सारंगात ग वर्ज्य. म्हणजे घराचा दरवाजाच बंद. प-नी-रे मिळतं, कोमल निषाद घेऊन नी-रे-म मिळतं, पण यांच्यावरून जिथे उतरायचं ती जागाच नाही. ग घातला तर राग गेला, नाही घातला तर हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, लटकत राहते. मग मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. एका सारंगीवाल्याला ‘मींड घे’ म्हटलं की झालं. चौदा व्हायोलिनांना मात्र कोणतं बोट, कोणती तार, मात्रेच्या कुठल्या भागात सरकायला सुरुवात, हे सगळं कागदावर लिहून द्यावं लागतं. नाहीतर चौदा मींडांचा चिखल होतो. ट्रॉम्बोनला थोडं सरकता येतं, ओबोला जवळजवळ नाही, म्हणून तीच ओळ दोघांना देता येत नाही. नंतर पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी वेगळे लिहिलेले कागद. दोघांत एक स्टँड धरला तरी शंभरांसाठी साठेक पार्ट, हाताने उतरवलेले. त्यात विरामाची एक मात्रा राहिली तर स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र प्रतीत, चूक दिसत नाही, वादक मात्र एक मात्रा आधी घुसतो आणि ती चूक शोधण्यात तालमीतली वीस मिनिटं जातात. वर उघड्या आभाळाखाली वाजवायचं, म्हणजे पितळी वाद्यं ऐकू येतात आणि तंतुवाद्यांचा आवाज हवेत विरतो.

आणि तालमी. असं नवं संगीत चार तालमींत बसवणं म्हणजे धाडस. तीन-तीन तासांच्या चार धरल्या तरी दर वादकाचे बारा तास. ते बारा तास स्टुडिओच्या शिफ्टमधून कापायचे. शंभर माणसांनी एकदा कापले. दरमहा कोण कापणार?

ते टिकलं नाही. 1965 च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूस विद्यापीठात गेले, परतल्यावर सिनेमाकडे वळले नाहीत, आणि 2012 मध्ये गोव्यात वारले. त्यांचं नाव आज सगळ्या देशाला ठाऊक आहे, 1977 च्या ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यातून. गुरूचं नाव शिष्याने त्यात घातलं. पण ते ऐकून हसणाऱ्यांपैकी किती जणांना झेवियर्सचा चौक माहीत आहे?

इथे घसरून ‘सिनेमाने ऑर्केस्ट्रा खाल्ला’ असं मी म्हणून पाहिलं आहे. तेही धड नाही. सिनेमा नसता तर ते शंभर वादक मुंबईत राहिलेच नसते. मात्र सिनेमाने शिकवलं ते वेगळं : तीन-चार मिनिटांचं वाजवायचं, पहिल्या वाचनात अचूक वाजवायचं, आणि माइक जवळ असल्यामुळे हळू. चाळीस मिनिटं दम टिकवणं, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणं, शेजाऱ्याचा गज पाहून आपला गज चालवणं, हे तिथे लागत नव्हतं. त्याला व्हायोलिन ढिगाने हवी होती, बसून क्वचित. म्हणून ते वाद्य कुणी शिकलं नाही. मग सिंथेसायझर आला आणि व्हायोलिनवाल्यांचीही शिफ्ट गेली.

हौशी मंडळी मधल्या काळात झटत होती. 1962 पासून बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा आहे, त्याला कमी लेखू नका. पण हौशीवर ब्राह्म्स नियमित होत नाही.

तर हो, परदेशी माणसं आहेत. त्यांच्यामुळेच झाकिर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबला कॉन्चर्टो 2015 मध्ये इथे लिहून घेता आला आणि 2019 मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर नेता आला. 2023 मध्ये झुबिन मेहतांनी पहिल्यांदा हा ऑर्केस्ट्रा चालवला, बापाने ऑर्केस्ट्रा काढला त्या शहरात. हे सगळं भाड्याचं, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आणि घरी गेल्यावर वाटतं, त्यात थोडं तथ्य आहेच. 2012 पासून त्यांची संगीत अकादमी आहे, मुलांना लहानपणीच धरतात. पण व्हायोलिनचा हात मंचावर बसायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि इतकी वर्षं घालवून पुढे काय, असं आईबापांनी विचारलं तर सांगायला पगाराची खुर्ची लागते. ती हंगामी आहे. व्हायोलिनचं पोर निदान शिकवण्या करून जगेल. हॉर्न वाजवणाऱ्या पोराकडे शिकायला कोण येणार, हे मला अजून सांगता येत नाही, आणि चार हॉर्न तर दर वेळी लागतातच.