बांधलेल्या इंजिनाचे पहिले तेल

इंजिन उतरवून, सिलिंडर बोर करून, पिस्टनच्या नव्या रिंगा आणि नवी बेअरिंग्ज घालून ते पुन्हा बांधले, की त्यात ओतायचे तेलही उत्तमातले उत्तम असावे असे कोणालाही वाटते. एवढा खर्च झालाच आहे, तर आता तेलाच्या डब्यापाशी हात आखडता कशाला घ्यायचा, हा हिशेब वरवर पाहता बिनतोड आहे. माझ्या मते मात्र इंजिनाच्या साऱ्या आयुष्यात हीच एक वेळ अशी असते, की तिथे घर्षण कमीत कमी करणारे तेल नको असते.

याचे कारण पाहायचे तर बोर होऊन आलेला सिलिंडर उजेडात जरा तिरपा धरावा. त्याची भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची बारीक जाळी उठवलेली असते. टाकी लावलेल्या जात्याच्या पाळीसारखी ती मुद्दाम खडबडीत ठेवलेली असते, फक्त तिचा खडबडीतपणा डोळ्यांपेक्षा नखाला अधिक कळतो. या रेघांच्या खाचांत तेल टिकून राहते आणि खाचांमधले उंचवटे रिंगेच्या कडेशी घासून झिजतात, तेव्हाच रिंग आणि भिंत एकमेकींशी मिळती होतात. म्हणजे इथे थोडी झीज व्हायलाच हवी. घर्षण कमी करणारी द्रव्ये भरपूर घातलेले, निसरडे सिंथेटिक तेल नेमकी हीच झीज लांबवते.

रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे, तर जळणाऱ्या वायूचा दाब तिच्या मागच्या खाचेत शिरून तिला बाहेर रेटतो म्हणून. त्यामुळे नवे इंजिन जपायचे म्हणून तासन्‌तास आयडलवर गुरगुरत ठेवणे हे लाड त्याला बाधतात. उंचवटे झिजण्याआधीच भिंतीवर तेल भाजून चकचकीत थर बसला, की रिंगा कायमच्या बसायच्या राहतात, सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो आणि इंजिन पुन्हा उघडून होनिंग करण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही.

यावर कोणी विचारील, की मग नव्या गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून कशा येतात? शेव्हरोलेट कॉर्व्हेट तर 1992 पासून मोबिल 1 हे सिंथेटिक तेल भरूनच बाहेर पडू लागली. आक्षेप रास्त आहे. मात्र आजच्या कारखान्यांत होनिंगच्या शेवटच्या फेरीत ते उंचवटे आधीच कापून सपाट केलेले असतात, त्यामुळे रिंगांना करायचे काम थोडेच उरते. आपल्या सिलिंडरचे होनिंग त्या जातीचे आहे की नाही, हे ज्याने ते केले त्यालाच विचारलेले बरे.

रिंगांना झीज हवी असते, तर जुन्या घडणीच्या इंजिनातल्या, झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टला ती मुळीच नको असते, आणि तेल निवडताना खरी कोंडी होते ती इथेच. कॅमची हालचाल झडपेकडे पोचवणाऱ्या सपाट बुडाच्या टॅपेटवर कॅमचे लोब, म्हणजे त्याचे उंचवटे, प्रचंड दाबाने घासतात, आणि त्या जागी धातूला धातू भिडू न देणारा थर तयार करते ते तेलातले जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्य, म्हणजे झेडडीडीपी. फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून 2004 साली आलेल्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जाच्या श्रेणीत 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ तेलांसाठी फॉस्फरसची कमाल मर्यादा 0.08 टक्के ठरवली गेली. नव्या गाड्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, कारण त्यांतल्या बहुतेकींत सपाट टॅपेट नसतात. जुन्या इंजिनांची मात्र अडचण झाली.

म्हणून खास रन-इनसाठी, म्हणजे नव्याने बांधलेले इंजिन सुरुवातीला फिरवून बसते करण्यासाठी, बनवलेले तेल खनिज असते, त्यात जस्त मुबलक असते आणि मळ धुणारी द्रव्ये कमी असतात, कारण धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी ती जस्ताशीच स्पर्धा करतात. अनेक मेकॅनिक त्याऐवजी डिझेल इंजिनाचे 15डब्ल्यू-40 ओततात. त्यात मळ धुणारी द्रव्ये बरीच असल्याने मी ते दुसऱ्या पसंतीला ठेवीन. बुडाला फिरते चाक असलेले रोलर टॅपेट असतील तर जस्ताची एवढी काळजी करण्याचे कारण नाही. तेल किती दाट असावे, ते बेअरिंगमध्ये ठेवलेल्या फटीवरून इंजिन बांधणाऱ्याने सांगावे.

कॅमवर तेल येते ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, म्हणून सपाट टॅपेटचे इंजिन सुरू होताच 20 ते 30 मिनिटे, मिनिटाला 2000 ते 2500 फेऱ्यांवर फिरवतात. त्याआधी तेलाचा दाब चढवून घेतलेला असावा लागतो. रिंगांसाठी गाडीवर भार घालायचा तो त्यानंतर, रस्त्यावर.

एवढ्या खटपटीने निवडलेले हे तेल त्या पहिल्या अर्ध्या तासानंतर काढून टाकतात, आणि पुन्हा तसलेच घालून सुमारे 800 किलोमीटरनंतर तेही बदलतात. डिपस्टिकवरची पातळी उतरायची थांबली, की मग सिंथेटिक खुशाल घालावे. काढलेला फिल्टर मात्र कापून, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. राखाडी, पिठासारखी बारीक कणी अपेक्षितच असते. तांबूस चकत्या दिसल्या तर बेअरिंग जात आहे असे समजून, तेल न बदलता, ऑइल पॅन उतरवावा.