तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरीवरचा पोल सॉ कोणता घ्यावा?

हापूस उतरला की आमच्याकडे रत्नागिरीत छाटणीची गडबड सुरू होते आणि मग फोन येतात, बॅटरीवरचा पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला चेनवाली करवत, घ्यायचाय, कोणता घेऊ? माझं उत्तर ठरलेलंय. आधी वजन बघा, व्होल्ट नंतर.

आणि वजन म्हणजे खोक्यावर छापलेलं नाही. बऱ्याच मॉडेलना मोटर वरती चेनजवळ असते, त्यामुळे दुकानात उभं धरलेलं मशीन हलकं वाटतं पण दांडा पूर्ण लांब करून तिरपा धरला की खांदे भरून येतात. म्हणून दुकानात जाऊन दांडा पूर्ण काढायला लावा, आणि जो गडी ते वापरणार आहे त्यालाच सोबत न्या. हो, आणि ‘4 मीटर पोहोच’ लिहिलेलं असतं ना, त्यात बहुतेक वेळा माणसाची उंचीपण धरलेली असते.

व्होल्टचं थोडक्यात सांगतो. 18 आणि ‘20 मॅक्स’ एकच, आत तेच 5 सेल. बॅटरी किती टिकेल ते व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, म्हणजे 18 व्होल्टची 4 अँपिअर-अवरवाली बॅटरी 72 वॉट-अवर. मनगटाएवढ्या फांद्यांना तेवढं बास होतं. मांडीएवढी फांदी पोलनं कापायचीच नाही, तिला माणूस वर चढवून दोर बांधूनच उतरवायची.

मला स्वतःला हे मशीन लाखमोलाचं वाटतं ते बांडगुळासाठी. पक्षी त्याची फळं खातात, चिकट बी फांदीवर पुसतात, ते तिथेच रुजतं आणि फांदीत घुसून झाडाचं पाणी ओढतं. वरवर ओरबाडलं तर परत फुटतं, ते चिकटलंय त्या गाठीच्या खाली हातभर जागा सोडून फांदीच कापावी लागते. आणि ते नेमकं शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर, जिथे गड्याला चढवायला जीव होत नाही! पोल सॉनं हे जमिनीवर उभं राहून होतं. फक्त आधी खालून थोडा काप द्या मग वरून, नाहीतर फांदी साल सोलत खाली येते आणि त्या जखमेतून भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, शिरतो. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. फांदीच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, थोडं बाजूला.

चेनला आपोआप ऑइल सोडणारंच मॉडेल घ्या, आणि त्यात गाडीचं जळकं ऑइल ओतू नका, पंप चोक होतो. दर बॅटरीला टाकी बघा.

लाइटच्या तारा जवळ असतील तर मशीन बाहेरच काढू नका, आधी महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या. फायबरचा दांडा आहे, शॉक लागत नाही असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका, दांडा ओला असला आणि वरचं लोखंड तारेला टेकलं की संपलं. यात मी कुणालाच सूट देत नाही, घरच्यांनापण नाही.

राहिले पार्ट. चेनचं माप बहुतेक बारवर, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीवर, कोरलेलं असतं, त्याचा फोटो काढा आणि तुमच्या जवळच्या बाजारात दाखवा, चेन मिळते म्हणाले तरच मशीनचे पैसे द्या.